परवलीचा शब्द पुन्हां पुन्हां कां विचारला जातो ?

सोलापुरांत एके काळीं गिरणीचा भोंगा झाला कीं घरांतील कर्ता पुरुष डबा घेऊन बाहेर पडे. कचेरी किंवा कारखाना हें घराबाहेरचें जग आहे, अशी सर्वांची समजूत असे. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडून आतां कित्येक वर्षें लोटलीं. पुढें लक्ष्मी-विष्णु गिरणीचा भोंगाही थांबला. आणि २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली तेव्हांपासून तर पुष्कळ घरांत उलटाच प्रकार झाला आहे : माणूस कचेरींत जाण्याऐवजीं कचेरीच माणसाच्या घरीं येऊन माजघरांतल्या टेबलावर बसली आहे. पुण्याच्या वा हैदराबादच्या कंपनीची नोकरी सोलापुरांतील आपल्या घरीं बसून करणारे मुलगे, मुली व सुना आतां अपूर्वाईच्या राहिल्या नाहींत. कचेरी घरीं आली तशा तिच्या अडचणीही घरीं आल्या. त्यांतील एका लहानशा, परंतु फार त्रासदायक अडचणीचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

कंपनीच्या अंतर्गत कामासाठीं जें संकेतस्थळ असतें त्यास इंट्रानेट म्हणतात. रजेचा अर्ज, पगाराचा कागद, प्राप्तिकराच्या सवलतीचा तक्ता, वरिष्ठांच्या सूचना, हें सर्व त्या ठिकाणीं असतें. सकाळीं लॅपटॉप उघडतांना एकदां आपलें नांव व पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, दिला कीं पुढें दिवसभर या स्थळावर कोणी कांहीं विचारूं नये, अशी व्यवस्था केलेली असते. असें असतां एखाद्या दिवशीं एकाएकीं एक चौकट पुढें येते आणि ‘नांव व पासवर्ड द्या’ असें म्हणते. शब्द दिला तरी ती पुन्हां येते; तिसऱ्या खेपेस दिला म्हणजे कोरें पान दिसतें. मग सूनबाई तोच शब्द पुन्हां पुन्हां घालून पाहते, धाकटा दीर ‘वहिनी, पासवर्ड सांगा, मी पाहतों’ म्हणून पुढें सरसावतो, आणि आजोबा ‘यंत्राचा भरंवसा नाहीं’ असा निर्णय देऊन वर्तमानपत्रांत डोकें घालतात.

शब्द पुन्हां पुन्हां देत राहणें, तो दुसऱ्यास सांगणें आणि हात टेकणें, या तिन्ही उपायांनीं रोग जात नाहीं. किंबहुना पहिले दोन उपाय रोगापेक्षां घातक आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. ती चौकट म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्यानें विचारलेला प्रश्न होय. आणि ज्यानें कालपर्यंत मुकाट्यानें आंत सोडलें त्यानें आज अडविलें, तर उत्तर देण्यापूर्वीं ‘आज कां विचारतोस? आणि विचारणारा तूं कोण ?’ हें पाहणें शहाणपणाचें असतें. आम्ही जन्मभर शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें; संगणक हा कांहीं आमचा विषय नव्हे. परंतु घरांतील तरुण मंडळींनीं समजावून दिलेलें हें शास्त्र आपल्या जुन्या ग्रंथांतील कल्पनांच्या इतकें जवळचें वाटलें कीं, तें वाचकांपुढें ठेवण्याचा मोह आवरला नाहीं.

मुद्रा आणि मुद्राध्यक्ष

सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्यांनीं पाहिला आहे त्यांस इंट्रानेटची रचना समजणें अवघड नाहीं. किल्ल्यास दुहेरी तट आहे. बाहेरच्या तटाचें दार ओलांडल्यावर आंतल्या तटाचें दार लागतें. कंपनीचें जाळें असेंच असतें. बाहेरच्या दारीं ओळख पटल्यावर आंतील प्रत्येक कोठाराच्या दारीं ती पुन्हां सांगावी लागूं नये, परंतु परक्यास मात्र कोठेंही शिरतां येऊं नये, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचें उत्तरही जुनें आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी. जवळ मुद्रा असेल त्यासच जनपदांत येतां-जातां यावें. मुद्रेवांचून आढळणाऱ्या जानपदास १२ पण दंड व्हावा, आणि खोटी मुद्रा बाळगणारास त्याहून कडक शिक्षा व्हावी, असा त्याचा नियम आहे. महाभारताच्या वनपर्वांत शाल्वानें द्वारकेस वेढा घातल्याची कथा आहे. त्या प्रसंगींही मुद्रेवांचून कोणास आंत वा बाहेर सोडीत नसत, असें वर्णन आढळतें.

आजच्या इंट्रानेटची व्यवस्था हीच आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९८३ सालीं ‘अथीना’ नांवाची योजना सुरू झाली. पुष्कळ संगणक एका जाळ्यांत जोडल्यावर वापरणाराची ओळख कशी पटवावी, या विचारांतून तेथें ‘कर्बेरॉस’ नांवाची पद्धति निघाली. तिची पांचवी आवृत्ति १९९३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००० सालच्या विंडोजमध्यें ती स्वीकारल्यामुळें जगांतील असंख्य कचेऱ्यांत तिचा प्रवेश झाला. या पद्धतींत आपण सकाळीं दिलेला परवलीचा शब्द तारेवरून कोठेंही पाठविला जात नाहीं. त्या शब्दापासून एक किल्ली बनते. तिच्या साहाय्यानें आपला संगणक कंपनीच्या मध्यवर्ती मुद्राध्यक्षापाशीं आपली ओळख पटवितो व मुद्रा मिळवितो. पुढें रजेच्या अर्जाच्या दारीं जावयाचें झालें म्हणजे ती मुद्रा दाखवून त्या एका दारापुरती निराळी चिठ्ठी घेतली जाते. हें सर्व क्षणार्धांत व मुकाट्यानें होतें. मुद्रेची मुदत सामान्यतः १० तासांची असते. म्हणजे कचेरीचा एक दिवस संपला कीं ती शिळी होते.

नांवाविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्रीक पुराणांत पाताळाच्या दारावर बसणारा तीन तोंडांचा कुत्रा आहे, त्याचें नांव कर्बेरॉस. आपल्या ऋग्वेदांतही दहाव्या मंडलाच्या १४ व्या सूक्तांत यमाच्या मार्गाचें रक्षण करणारे, चार डोळ्यांचे दोन शबल कुत्रे आले आहेत. ‘शबल’ व ‘कर्बेरॉस’ हे शब्द मूळ एकच असावेत, असें एकोणिसाव्या शतकांतील कांहीं भाषाशास्त्रज्ञांचें म्हणणें होतें. तें सर्वांस मान्य नाहीं. परंतु दारावरचें कुत्रें घरच्याच माणसावर कां भुंकलें, हा आपला आजचा प्रश्न या नांवामुळें चांगला लक्षांत राहतो.

चौकट येण्याचीं कारणें

ब्राउझरनें एखादें पान मागितलें कीं सर्व्हर प्रथम ४०१ या क्रमांकाचें उत्तर देतो. त्याचा अर्थ ‘आधीं ओळख पटवा’ एवढाच. आणि ती कोणकोणत्या पद्धतींनीं पटवितां येईल, याची यादीही तो सोबत देतो. हें उत्तर रोज येतें. आपणांस तें दिसत नाहीं, कारण ब्राउझर आपण होऊन मुद्रेच्या आधारें चिठ्ठी पुढें करतो. म्हणजे चौकट दिसली तर दोहोंपैकीं एक गोष्ट घडलेली असते : एक तर ब्राउझरनें चिठ्ठी दाखविलीच नाहीं, अथवा दाखविली ती दरवाजानें मानली नाहीं. पुढील सर्व कारणें या दोहोंच्या पोटांत येतात.

पहिलें कारण पत्त्यांत असतें. ब्राउझर आपली ओळख वाटेल त्यास देत नाहीं, आणि तें योग्यच आहे. दार आपल्या वाड्यांतील आहे कीं रस्त्यावरील आहे, हें तो प्रथम ठरवितो. आणि त्याची विंडोजमधील मूळची खूण मोठी गमतीची आहे. पत्त्याच्या नांवांत टिंब नसेल तर तें स्थळ घरचें, टिंब असेल तर बाहेरचें ! समजा, कचेरीच्या स्थळाचें नांव नुसतें ‘पोर्टल’ असें आहे. तें तसेंच लिहिलें तर ब्राउझर त्यास आपलें मानतो. परंतु तेंच कोणी पुढें टिंब देऊन व कंपनीचें संपूर्ण नांव जोडून लिहिलें, किंवा नांवाऐवजीं आंकडी पत्ता लिहिला, तर घर तेंच असूनही तो त्यास परकें समजतो. घरांत ‘बाळ’ म्हणून हांक मारली तर ओळखावयाचें आणि वडिलांच्या नांवासह संपूर्ण नांव घेतलें तर पाहुणा समजावयाचें, असा हा न्याय आहे. म्हणून काल ज्या पत्त्यानें पान उघडलें त्याच पत्त्यानें आज उघडून पाहणें, हा पहिला उपाय होय. कायमचा उपाय कचेरीच्या हातीं असतो : संपूर्ण नांवाचा पत्ता ‘आपल्या’ स्थळांच्या यादींत तिनें सर्व संगणकांवर एकदम घालावा. विंडोजवरील क्रोम व एज हे ब्राउझर ही यादी मानतात. फायरफॉक्सला मात्र स्वतंत्र सांगावें लागतें. क्रोमच्या गुप्त खिडकींत पान उघडलें तर पत्ता बरोबर असूनही ओळख आपोआप दिली जात नाहीं. तेथें चौकट येणें हा दोषच नव्हे.

दुसरें कारण घरून काम करणारांस विशेष भोंवतें. लॅपटॉप घरीं उघडला तेव्हां तो कचेरीच्या जाळ्यास जोडलेला नसतो. तरी पूर्वींची ओळख त्याच्या स्मरणांत असल्यामुळें तो परवलीचा शब्द मान्य करून आपणांस आंत घेतो. वस्तुतः ओळख पटली ती लॅपटॉपला, मुद्राध्यक्षाला नव्हे. त्याची गांठच पडलेली नाहीं, तर मुद्रा कोठून मिळणार ? मग व्हीपीएन, म्हणजे कचेरीपर्यंतचा खासगी भुयारी मार्ग, जोडून इंट्रानेट उघडलें कीं चौकट उभी राहते. उपाय सोपा आहे. व्हीपीएन जोडलेला असतांनाच विंडोजची कळ व ‘एल’ अक्षर एकदम दाबून पडदा बंद करावा, आणि परवलीचा शब्द देऊन पुन्हां उघडावा. बहुधा तेवढ्यानें नवी मुद्रा मिळते. जवळ कोणत्या मुद्रा आहेत हें दाखविणारी ‘के-लिस्ट’ नांवाची आज्ञा विंडोजमध्यें आहे. ती यादी रिकामी आली तर निदान झालेंच म्हणावयाचें.

तिसरें कारण जुना परवलीचा शब्द. कित्येक कचेऱ्यांत तो ठराविक मुदतीनें बदलावा लागतो. आपण तो बदलतों. परंतु पूर्वीं कधीं तरी यंत्रानें ‘हा शब्द लक्षांत ठेवूं काय?’ असें विचारलेलें असतें आणि आपण ‘होय’ म्हटलेलें असतें. तो जुना शब्द विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ नांवाच्या पेटींत पडून राहतो व संगणक इमानानें तोच पुढें करीत असतो. मोबाइलवर कचेरीचें टपाल येत असेल तर तेथेंही बहुधा जुनाच शब्द राहिलेला असतो. चुकीचे प्रयत्न ठराविक संख्येपलीकडे गेले कीं खात्यास कुलूप लागतें, आणि मग खरा शब्दही चालेनासा होतो. पेटींतील त्या स्थळाची जुनी नोंद काढून टाकणें व मोबाइलवर नवा शब्द घालणें, हाच यावर उपाय.

चौथें कारण घड्याळ. मुद्रा कोणी वाटेंत चोरून मागाहून वापरूं नये म्हणून तिच्याबरोबर वेळेची नोंद असते. त्यासाठीं दोन्ही बाजूंच्या घड्याळांत ५ मिनिटांहून अधिक अंतर नसावें, असा प्रघात आहे. वेळेचा भेद पंचांग पाहणाऱ्या घरांस नवा नाहीं. दाते पंचांग तर आपल्या सोलापुरांतूनच निघतें. स्थळ बदललें कीं सूर्योदय बदलतो, हें तें वापरणारांस निराळें सांगावयास नको. १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश पूर्व रेखांशावरील वेळ हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली; मुंबईनें आपली निराळी वेळ पुढें १९५५ पर्यंत चालविली. सोलापूर ७५.९ अंशांच्या सुमारास असल्यामुळें आपली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारें २६ मिनिटें मागें आहे. माणसाचें एवढ्यानें कांहीं अडत नाहीं. कर्बेरॉसला मात्र ५ मिनिटेंही पुष्कळ होतात. जुन्या लॅपटॉपमधील लहान बॅटरी संपली म्हणजे त्याचें घड्याळ भलत्याच वर्षीं जाऊन बसतें, आणि मग त्याची वेळ मुद्राध्यक्षास पटत नाहीं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं कंपन्यांस जो आदेश दिला, त्यांत नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशीं संगणकांचीं घड्याळें जुळवून ठेवावीं, असें कलम आहे. घड्याळ ही क्षुल्लक बाब नव्हे, हें यावरून दिसून येईल.

पांचवें कारण चमत्कारिक आहे. पान उघडतें, मजकूर सर्व दिसतो, आणि तरीही चौकट येते. अशा वेळीं शब्द न देतां ‘रद्द करा’ ही कळ दाबावी व पानावर काय उणें आहे तें पाहावें. पुष्कळदां एखादें चित्र नसतें किंवा एखादा कोपरा रिकामा दिसतो. पान पाहण्याचा अधिकार आपणांस आहे, परंतु तें चित्र ज्या कपाटांत ठेवलें आहे तेथें जाण्याचा नाहीं. पंगतींत पान मांडलें आहे, पण लोणच्याची बरणी कुलपांत राहिली आहे, असा हा प्रकार होय. येथें प्रश्न ओळखीचा नसून अधिकाराचा असतो. म्हणून शब्द शंभर वेळां दिला तरी व्यर्थ. त्या पानाची व्यवस्था पाहणारास ‘अमुक चित्र दिसत नाहीं’ असें कळवावें.

सहावें कारण सर्व्हरच्या बाजूचें. प्रत्येक दाराचें नांव मुद्राध्यक्षाच्या वहींत एका, आणि एकाच, खात्याच्या नांवावर नोंदलेलें असावें लागतें. नोंद राहून गेली, किंवा चुकून दोघांच्या नांवावर पडली, तर त्या दाराची चिठ्ठीच मिळत नाहीं. भलत्याच्या नांवावर पडली तर चिठ्ठी मिळते, परंतु दरवाजास ती उघडतां येत नाहीं. स्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविलें अथवा त्याचें नांव बदललें, म्हणजे असें घडण्याचा संभव असतो. याची खूण अशी कीं, चौकट एकट्यास न येतां सर्वांस एकदम येऊं लागते. याच्या उलट, सर्व लोकांचें काम सुरळीत चाललें असतां खुद्द सर्व्हरवर बसून तेंच पान पाहणाऱ्या व्यवस्थापकासच चौकट दिसते, असेंही होतें. सर्व्हरनें स्वतःशींच निराळ्या नांवानें बोलूं नये, असा विंडोजनें संरक्षणासाठीं घातलेला निर्बंध त्यास कारण आहे. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच !

निदानाचे चार प्रश्न

इतकीं कारणें ऐकून वाचकांनीं घाबरून जाऊं नये. चांगला वैद्य औषधाच्या पुड्या बांधण्यापूर्वीं चार प्रश्न विचारतो, आणि निम्मा रोग त्यांतच कळतो. येथेंही चारच प्रश्न पुरतात. पहिला : चौकट मला एकट्यालाच येते कीं सहकाऱ्यांनाही ? सर्वांस येत असेल तर दोष सर्व्हरकडे. आपण स्वस्थ बसून कचेरीस कळवावें. दुसरा : मी कोणता पत्ता लिहिला, आणि रोज तोच लिहितों काय ? तिसरा : दुसऱ्या ब्राउझरमध्यें किंवा कचेरीच्याच दुसऱ्या संगणकावर काय होतें ? तेथें ठीक असेल तर दोष आपल्या यंत्रांत. तेथेंही तसेंच असेल तर आपल्या खात्यांत वा अधिकारांत. चौथा : कालपासून आजपर्यंत काय बदललें ? शब्द बदलला, व्हीपीएन जोडण्यास विसरलों, घड्याळ चुकलें, कीं स्थळाचा पत्ता बदलल्याची सूचना आली होती ? या चार प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहून, चौकटींत दिसणारा पत्ता व वेळ त्याखालीं नमूद करून कचेरीच्या तंत्र-विभागाकडे पाठवावीं. ‘इंट्रानेट चालत नाहीं’ एवढेंच कळविणें म्हणजे वैद्यास ‘बरें वाटत नाहीं’ एवढेंच सांगण्यासारखें आहे.

अविभक्त कुटुंब आणि परवलीचा शब्द

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेली हकीकत येथें सांगणें अवश्य वाटतें. प्राप्तिकराच्या सवलतीचा तक्ता भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. सूनबाईंनीं इंट्रानेट उघडलें तों चौकट आली. शब्द दोनदां दिला, गेला नाहीं. दिरानें शब्द विचारून आपल्या पद्धतीनें घालून पाहिला, पुतण्यानें मोठ्या लिपींत व लहान लिपींत घालून पाहिला, आणि पांच मिनिटांच्या आंत खात्यास कुलूप लागलें. तें उघडेपर्यंत सायंकाळ होऊन मुदत टळली, व पुढील पगारांतून कर जास्त कापला गेला. चौकशीअंतीं निघालें तें एवढेंच कीं, शब्द चार दिवसांपूर्वीं बदलला होता आणि पेटींत जुनाच राहिला होता. मदत करणारांचा हेतु निर्मळ होता, यांत शंका नाहीं. परंतु त्या अर्ध्या तासांत कंपनीचा परवलीचा शब्द घरांतल्या तिघांस ठाऊक झाला, ही गोष्ट कुणाच्या ध्यानींही आली नाहीं.

अविभक्त कुटुंबांत स्वयंपाक एक, देवघर एक, सुखदुःख एक. तरीही भांड्यांवर नांवें घालण्याची चाल आपल्याकडे आहेच. परवलीचा शब्द ही अशी नांव घातलेली वस्तु आहे. त्या शब्दानें जें कांहीं केलें जाईल तें कंपनीच्या दप्तरीं त्या एका व्यक्तीच्या नांवावर पडतें. तें दिरानें केलें कीं पुतण्यानें, हें दप्तरास कळत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांनीं तो विचारूं नये, आणि सुनेनें तो सांगितला नाहीं तर त्यांत आपला अनादर झाला असें मानूं नये. मदत करावयाचीच असेल तर शेजारीं बसून वर सांगितलेले चार प्रश्न विचारावे. त्यासाठीं शब्द ठाऊक असण्याची गरज नाहीं.

विचारणारा कोण ?

येथवर आपण असें धरून चाललों कीं, चौकट कंपनीच्याच दाराची आहे. परंतु ती नसेल तर ? वाल्मीकीच्या सुंदरकांडांतील प्रसंग या बाबतींत मननीय आहे. अशोकवनांत हनुमान बोलूं लागला तेव्हां सीतेनें त्याच्यावर एकदम विश्वास टाकला नाहीं. वेष पालटून आलेला हा रावणच नसेल ना, अशी शंका तिनें घेतली. कारण संन्याशाच्या वेषावर एकदां विश्वास ठेवल्याचें फळ ती भोगीत होती. त्यानें केलेलें रामाचें वर्णन ऐकून व रामनामांकित मुद्रिका पाहून मगच तिची खात्री पटली. ओळख दोन्ही बाजूंनीं पटावी लागते, हें तत्त्व त्यांत आहे. कर्बेरॉसच्या पद्धतींत दरवाजासही आपली ओळख पटवून देतां येते. चौकटींत शब्द टंकावयाचा झाला म्हणजे तो सर्व भार आपल्या डोळ्यांवर येतो. शिवाय ‘बेसिक’ नांवाच्या जुन्या पद्धतीची चौकट असली तर तींत किल्ली-मुद्रा कांहीं नसून शब्दच उचलून पाठविला जातो, आणि पत्ता ‘एचटीटीपीएस’ या सुरक्षित प्रकारचा नसेल तर वाटेंतील कोणासही तो वाचतां येतो. म्हणून शब्द देण्यापूर्वीं चौकटींत कोणता पत्ता आहे तें अक्षर न् अक्षर वाचावें. तो अनोळखी असेल, किंवा कोणीं पाठविलेल्या दुव्यावरून आपण तेथें आलों असूं, तर रद्द करून बाहेर पडावें.

नको तेव्हां येणाऱ्या प्रश्नास कंटाळून दिलेलें उत्तर केवढें महाग पडतें, याचें उदाहरण २०२२ च्या सप्टेंबरांत जगानें पाहिलें. उबर या कंपनीच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द चोरट्याच्या हातीं लागला होता. परंतु मोबाइलवरून संमति दिल्यावांचून आंत प्रवेश होत नव्हता. चोरट्यानें प्रवेशाचे प्रयत्न पुन्हां पुन्हां चालविले. त्या कर्मचाऱ्यास संमतीच्या विचारणा एकामागून एक येत राहिल्या. आणि अखेर त्यानें एकीस ‘होय’ म्हटलें. चोरटा कंपनीच्या अंतर्गत जाळ्यांत शिरला. ही हकीकत कंपनीनें स्वतःच प्रसिद्ध केली. येथें कुलूप कच्चें नव्हतें. प्रश्नांच्या भडिमारापुढें माणसाची सावधगिरी संपली.

असा शब्द चुकून भलत्यास दिला गेल्याची शंका आली तर लाजेनें लपवूं नये. तत्काळ कंपनीस कळवावें व शब्द बदलावा. तोच शब्द बँकेसही वापरला असेल, आणि तो कधींही वापरूं नये, तर तेथीलही बदलावा. पैसा गेलाच असेल तर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदविण्याचा देशभराचा दूरध्वनि क्रमांक १९३० हा आहे. सोलापूरकरांस तो मुद्दाम पाठ करावा लागणार नाहीं. ज्या वर्षाच्या मे महिन्यांत या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला, तें वर्ष येथील लहान मुलासही ठाऊक असतें.

शेवटीं, ज्यांच्या हातीं कंपन्यांच्या या दारांची व्यवस्था आहे, त्यांस दोन शब्द. आमच्या वाचकांच्या घरींही असे पुष्कळ तरुण आहेत. चौकट विनाकारण येते आणि शब्द दिला कीं जाते, तेव्हां तक्रार कशाला, असें म्हणून ती तशीच चालूं देण्याची प्रवृत्ति असते. परंतु पहारेकरी ऊठसूट विचारूं लागला म्हणजे घरचीं माणसें विचारणाराकडे न पाहतांच उत्तर देऊं लागतात. आणि एकदां ही संवय जडली कीं, खोटा पहारेकरी येऊन उभा राहिला तरी त्यास तेंच उत्तर मिळतें. पत्त्याची एक यादी, वहींतील एक नोंद आणि घड्याळाची जुळणी एवढ्यानें जो त्रास टळतो, तो टाळणें ही केवळ सोय नसून संरक्षण आहे. आणि घरच्या मंडळींनीं एवढेंच करावें : चौकट आली कीं हात कळफलकावर नेण्याआधीं क्षणभर थांबावें, पत्ता वाचावा, आणि वरचे चार प्रश्न स्वतःस विचारावे. पुष्कळदां त्यांतच उत्तर सांपडतें, आणि परवलीचा शब्द तर ज्याचा त्याच्यापाशींच राहतो.